एक हिसका

बायकोला पोलीस प्रशिक्षणाचं बोलावणं आलं तेव्हा आमची मुलगी सहा महिन्यांचीही झाली नव्हती. धावणी, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी हे सगळं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच पार पडलं होतं. मग दिवस राहिले आणि पहिलं बोलावणं तिनं अर्ज करून पुढं ढकलून घेतलं. आता दुसरं आलं होतं. नऊ महिने, दुसऱ्या जिल्ह्यात, मूल सोबत नेता येणार नाही. पत्र हातात धरून ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर दूध पीत होती.

"नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

"का?"

"हिला कोण बघणार?"

"मी बघतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली. माझी आई माळशिरस तालुक्यातल्या आमच्या गावी, पंचवीस-तीस मेंढरं आणि दोन शेळ्या घेऊन एकटीच राहते. ती चार दिवससुद्धा जनावरं टाकून येऊ शकत नाही. मी फोन केला तर ती म्हणाली, "पोरगी हिकडं आणून सोड की. मी हाय न्हवं. तू कामावर जा." पण मुलीपासून आईही लांब आणि बापही लांब, हे मला पटेना. मी सोलापूरजवळ चिंचोळीच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. साहेबांना सांगितलं की नोकरी सोडतोय, मुलीला सांभाळायचंय. त्यांना वाटलं मी दुसरीकडं लागलोय आणि थाप मारतोय.

खरं सांगायचं तर मला स्वतःबद्दल फार खात्री होती. बायकोच्या एकूण एक तपासणीला मी तिच्यासोबत गेलो होतो. दवाखान्यात बाळंतपणाआधी एक वर्ग घेतला होता, त्यात रबरी बाहुलीला आंघोळ घालून दाखवायची होती. तिथं मी एकटाच पुरुष होतो आणि सिस्टरनं सगळ्या बायकांना म्हटलं होतं, "हे बघा, यांनी मान कशी धरलीय." बाळाचे कपडे, लसी, किती महिन्यांनी काय खायला द्यायचं, सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. शिवाय मी मेंढरांच्या घरातला. आई मेलेली कोकरं मी लहानपणी बोटानं दूध चाटवून जगवलेली. तेही मी बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "कोकराला दूध पाजून तुम्ही मेंढरांच्या वाड्यात सोडून द्यायचात. मग खेळायला जायचात."

मी हसलो. तिनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

आम्ही तेव्हा सोलापुरात पूर्व भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकीण राहायची. साठीच्या पुढची, तेलुगू बोलणारी बाई. सगळे तिला अक्का म्हणायचे. नवरा गेलेला, मुलगा दुसऱ्या गावी. ती दिवसभर ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. शेजारीच यंत्रमागाचे दोन कारखाने होते. त्यांचा खटखटाट सकाळपासून चालू असायचा. आमची मुलगी त्या आवाजातच जन्मली, त्यामुळं तिला तो अंगाईसारखा. माग चालू असले की ती झोपायची, बंद पडले की जागी व्हायची.

बायको गेली त्या दिवशी ती रिक्षात बसेपर्यंत रडली नाही. मीही नाही. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. ती उठली आणि तिनं दुधासाठी तोंड फिरवलं, तिथून सगळं सुरू झालं.

बाटलीची सवय महिनाभर आधीपासून लावत होतो, पण आई घरात असली की ती बाटली ढकलून द्यायची आणि आम्ही म्हणायचो, घेईल हळूहळू. आता आई नव्हती तरी तिनं बाटली घेतली नाही. रबराचं बोंड ओठाला लागलं की मान इकडून तिकडं. दिवसभरात चार घोटसुद्धा पोटात गेले नसतील. मी गावी फोन केला. आई म्हणाली, "बाटली ठिव बाजूला. बोंडल्यानं पाज." मी भांड्यांच्या दुकानातून स्टीलचं बोंडलं आणलं. त्याच्या लांबट चोचीतून थेंब थेंब दूध सोडलं तर ती गिळायची, पण पुढच्या हुंदक्याला सगळं बाहेर. दुसऱ्या दिवशी दुपारी मला काय सुचलं कोण जाणे, मी बायकोचा न धुतलेला गाऊन शर्टावरून अंगात घातला आणि मुलीला कुशीत घेऊन बसलो. ती हुंगत राहिली. मग बोंडल्यातलं निम्मं दूध प्यायली.

नेमकी त्याच वेळी अक्का वर आली. दारात उभी राहून तिनं मला बघितलं. मिशीवाला माणूस, अंगात फुलाफुलांचा गाऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसली नाही. म्हणाली, "पितेय ना? मग झालं," आणि खाली गेली.

आठवड्याभरात दूध सुरळीत झालं. पेज, मुगाचं पाणी, नाचणीची खीर सुरू झाली. मी वहीत सगळं लिहीत होतो. प्रशिक्षण केंद्रात फोन फक्त संध्याकाळी थोडा वेळ हातात मिळायचा. बायको विचारायची, "काय खाल्लं? झोपली का? शी कशी होती?" मी वहीतून वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "तुम्ही किती नीट करताय." तिच्या मागं मुलींचा कलकलाट ऐकू यायचा. तिचे पाय सोलपटून निघाले होते, तरी ते सांगताना तिचा आवाज खूष असायचा. मी तिला कधी म्हणालो नाही की आज दिवसभरात मी एकाही मोठ्या माणसाशी बोललेलो नाही. कधी म्हणालो नाही की सकाळी दात घासायचे राहून गेले ते संध्याकाळी आठवलं. कारखान्यातले मित्र पहिल्या दोन आठवड्यांत एकदा येऊन गेले. त्यातला एकजण बाळाला घेऊन म्हणाला, "मज्जाय तुझी, घरी बसून." नंतर त्यांचे फोन कमी झाले, आणि आले तरी मला उचलता यायचे नाहीत.

मला मुलीचा राग यायला लागला होता. हे लिहायला आजही जड जातं. आधी तो राग मी ओळखलाच नाही. मला वाटायचं झोप कमी पडतेय. दुपट्याची घडी करताना ती मी जोरात आपटायचो. ती रडायला लागली की दात घट्ट आवळले जायचे. पण दुसऱ्याच मिनिटाला ती हसायची आणि मी तिच्या पोटावर तोंड घासून तिला आणखी हसवायचो. त्यामुळं मला वाटायचं, सगळं ठीक आहे.

एप्रिलचा शेवट. त्या दिवशी दुपारी बाहेर बघवत नव्हतं इतकं ऊन होतं. मुलीला खालचे दात येत होते, मानेवर आणि काखेत घामोळं उठलं होतं, आणि सकाळपासून ती दहा मिनिटांच्या वर झोपली नव्हती. कसंबसं तिला निजवलं. मीही शेजारी आडवा झालो. डोळा लागतोय तोच वीज गेली. पंखा थांबला. शेजारचे माग एकदम बंद पडले. त्या शांततेत तिनं डोळे उघडले आणि टाहो फोडला.

मी तिला घेऊन फिरलो. ओल्या फडक्यानं अंग पुसलं. बोंडलं लावलं, तिनं हात मारला, दूध माझ्या अंगावर सांडलं. खुळखुळा, खिडकी, चमचा, काही नाही. तास झाला असेल, जास्तही. मी तिला गादीवर ठेवलं तर ती पालथी होऊन आणखी किंचाळली. मी तिला दोन्ही दंडांना धरून उचललं, माझ्या तोंडासमोर धरलं आणि ओरडलो, "काय पाहिजे तुला? काय पाहिजे?" आणि एक हिसका दिला.

तिचं डोकं मागं गेलं आणि पुढं आलं. ती गप्प झाली.

ती गप्प झाली त्या दोन-तीन क्षणांबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं श्वास घेतला आणि रडायला लागली, आधीपेक्षा बारीक आवाजात. मी तिला गादीवर ठेवलं, बाजूनं उशा लावल्या, बाहेर आलो, दाराला बाहेरून कडी घातली आणि जिना उतरून रस्त्याला लागलो. पायात चप्पल नव्हती. डांबरानं तळवे भाजत होते, ते बरं वाटत होतं. कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि तिथं सावलीत उभा राहिलो. मी परत गेलो नाही तर काय होईल, असाही विचार मनात आला. मग अचानक कळलं की आपण आठ महिन्यांच्या मुलीला कोंडून आलोय. पळत सुटलो.

दार उघडं होतं. अक्का गादीवर बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर होती. एरवी अक्का मुलीला हात लावायची नाही. म्हणायची, तंबाखूचे हात आहेत, किती धुतले तरी वास जात नाही. त्या दिवशी तिनं हात धुतलेसुद्धा नव्हते. ती पुढं-मागं डुलत म्हणत होती, "एडवकु तल्ली, एडवकु." रडू नको पोरी, रडू नको.

"कुठं गेलतास?" तिनं विचारलं.

मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि तिला सांगून टाकलं. हिसक्याचंही.

तिनं मुलीचं तोंड खिडकीकडं वळवलं, डोळ्यांत बघितलं, मग मागून मान चाचपली. "ओकली का?"

"नाही."

"ऊठ. डॉक्टरकडं ने. आत्ता. मी येते."

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दुपारची वेळ संपत आली होती. डॉक्टर बाई मुलीला आधीपासून ओळखत होत्या; लसी त्यांच्याकडंच झालेल्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "पडली."

"कुठून?"

"पलंगावरून."

"किती उंच आहे पलंग? कशावर आपटली? कोणती बाजू?"

मी उत्तरं देत होतो. अक्का माझ्या शेजारी उभी होती. डॉक्टरांनी मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. त्यांची बोटं तिच्या टाळूवरून फिरत होती आणि मला एकदम वाटलं, मी खोटं सांगितल्यामुळं त्या चुकीच्या जागी शोधतील. "मॅडम," मी म्हणालो, "पडली नाही. मी हिसका दिला. दंडाला धरून. एकदा."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघण्याची त्यांची नजर बदलली, ती मला कळली. त्या रागावल्या नाहीत, पण त्या क्षणापासून त्या मुलीच्या वतीनं माझ्याशी बोलत होत्या. टाळू अजून भरली नव्हती, तिथून सोनोग्राफी केली. डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. संध्याकाळपर्यंत दवाखान्यातच ठेवलं. ती प्यायली, ओकली नाही, आणि मला पाहून हात पुढं केले. ते हात घ्यायला मी पुढं झालो तेव्हा डॉक्टर बघत होत्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "आत्ता तरी काही दिसत नाही. उद्या परत आणा, आठवड्यानं परत. जास्त झोपली, ओकली, झटके आले तर लगेच यायचं. आणि नीट ऐका. राग आला तर तिला खाली ठेवायचं, सुरक्षित जागी, आणि खोलीतून बाहेर जायचं. रडू दे. रडण्यानं काही होत नाही. हिसक्यानं मूल जातं. दार मात्र कोंडायचं नाही, घर सोडायचं नाही."

"हो."

"घरी तुम्ही एकटेच?"

"हो."

"हे एकट्यानं करायचं काम नाही. आईला माहीत आहे?"

मी म्हणालो, सांगतो.

सांगितलं नाही. त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा आम्ही रिक्षात होतो. ती म्हणाली, "आज संचलनात मला पुढच्या रांगेत घेतलं." मी म्हणालो, "वा." तिनं विचारलं, "आज दुपारी काय खाल्लं हिनं?" मी म्हणालो, "थोडी खीर." अक्का तोंड फिरवून बाहेर बघत होती.

त्यानंतर अक्का रोज दुपारी साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन वर यायची आणि दोन तास बसायची. मला म्हणायची, "झोप." तिनं एकदाही तो विषय काढला नाही, पण मी झोपलो तरी दार उघडंच राहील याची ती काळजी घ्यायची. मुलगी पुढच्या दोन्ही तपासण्यांत चांगली निघाली. मी मात्र तिला उचलताना घाबरायला लागलो. दंडाला धरायचंच नाही, काखेतही नाही, मांडीखालून आणि मानेखालून हात घालायचा, त्या रबरी बाहुलीसारखा. ती आता बसू लागली होती, तिला तसं उचललेलं आवडायचं नाही.

जूनमध्ये बायकोला सहा दिवसांची रजा मिळाली. ती आली ती ओळखू येईना इतकी काळवंडलेली, केस कापलेले. तिनं दारातूनच हात पसरले. मुलगी माझ्या गळ्याला घट्ट बिलगली आणि तिच्याकडं बघून रडायला लागली. बायकोनं हात खाली घेतले. आत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

मला वाटलं, हिला आत्ता सांगू नये. मग वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी तिच्याकडं जायला लागली होती. ती मुलीला वरण-भात भरवत होती तेव्हा मी सांगितलं, दार कोंडून गेलो तेही आणि डॉक्टरांना आधी खोटं सांगितलं तेही. ती भरवत राहिली. शेवटचा घास झाल्यावर तिनं मुलीचं तोंड पुसलं आणि मग विचारलं, "त्या दिवशी फोनवर तुम्ही काय म्हणाला होतात?"

"खीर खाल्ली म्हणालो."

"मी तुम्हाला पुढच्या रांगेचं सांगत होते."

"हो."

"आणि तुम्ही वा म्हणालात."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मुलीला घेऊन खाली अक्काकडं गेली आणि अंधार पडेपर्यंत वर आली नाही. आल्यावर म्हणाली, "राजीनामा देते." मी नको म्हणालो, तर ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका." पुढचा पूर्ण दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनंच ठरवलं. "हिला घेऊन गावी जायचं. सासूबाईंजवळ राहायचं. तुम्हीपण तिथंच राहायचं, पण हिच्यासोबत एकटं नाही. कबूल?"

"कबूल."

"आणि रोज मला खरं सांगायचं. वही वाचून दाखवायची नाही."

मी मान डोलावली.

गावी आईला सांगणं भाग होतं. ती शेळीच्या धारेला बसली होती. तिनं ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत. मग म्हणाली, "आरं, तू बी लई रडायचास. तुला बांधावर झोळीत टाकून मी पार लांब जाऊन बसायची, तुजा आवाज कानावर येऊ न्हाय म्हणून. एकदा तर दिस कलंडल्यावरच आली."

"मग?"

"मग काय. घ्यायची उचलून."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिनं मला झोळीत ठेवलं होतं. हिसका दिला नव्हता. मी तसं म्हणालो. तिनं धार पुरी केली. "तितं न्हाय दिला," ती शेवटी म्हणाली, आणि चरवी उचलून आत गेली. मी पुढं विचारलं नाही.

उरलेले महिने मी मेंढरं घेऊन जायचो आणि आई मुलीजवळ थांबायची. रोज संध्याकाळी फोन यायचा. मी सांगायचो, आज रडली, आज मला कंटाळा आला, आज तिच्याकडं बघून बरं वाटलं. सुरुवातीला बायको फक्त "हं" म्हणायची. प्रशिक्षण संपताना ती तिकडचं सांगायला लागली. मुलीनं पहिलं पाऊल टाकलं ते गोठ्यासमोर, आणि ते आईनं बघितलं, आम्ही दोघांनीही नाही.

आता आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे, चांगली धडधाकट. तिला एखादं भावंड हवं असं लोक म्हणतात. आम्ही त्यावर घरात कधी बोललेलो नाही. बायकोला बंदोबस्ताची ड्युटी लागली की दोन-दोन दिवस मी आणि मुलगी घरी असतो. अशा वेळी तिचा फोन दिवसातून चार-पाच वेळा येतो. आधी मुलीचं विचारते, आणि मग, "तुम्ही कसे आहात?" ते नुसतं नवऱ्याला विचारणं नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. पूर्वी मला ते टोचायचं. परवा मुलीला ताप होता, औषध थुंकून टाकत होती, आणि मी एकदा मोठ्यानं ओरडलो. फोन आला तेव्हा ते सांगितलं.

"मग काय केलंत?" तिनं विचारलं.

"गॅलरीत जाऊन उभा राहिलो."

"दार?"

"उघडं होतं."

तिच्या मागं शिट्ट्या, गाड्या, लोकांचा आवाज होता. ती म्हणाली, "बरं. औषध गुळाच्या पाण्यात देऊन बघा," आणि फोन ठेवला. मी गूळ किसायला घेतला.